किटलीत कुणी हलायचं नाही

"जागेवर! कुणीही हलायचं नाही!"

ही आरोळी आपल्याच गळ्यातून निघाली, हे अँब्रोज लस्कमला कळलं तेव्हा ट्रामच्या वरच्या मजल्यावरची सगळी माणसं होती तिथे खिळली होती. एका बाईच्या हातातलं शिंपल्यांचं पुडकं तिरकं झालं होतं आणि त्यातलं व्हिनेगर पुढच्या माणसाच्या मानेवर ठिबकत होतं, पण तो बिचारासुद्धा मान हलवत नव्हता. असा आवाज होता तो. झालं होतं एवढंच, की ट्राम वळण घेऊन क्लॅरेन्स धक्क्याच्या रस्त्याला लागली, डाव्या हाताला एकदम समुद्र उघडा पडला आणि कुणीतरी ओरडलं, "अरे पाणबुडी! पाणबुडी ओढत नेतायत, ती बघा!" शनिवारची दुपार, ऊन पडलेलं, निम्मं पोर्ट्समथ हवा खायला बाहेर पडलेलं. उजवीकडची बाकं एका दमात रिकामी झाली आणि माणसं डाव्या कठड्यावर जाऊन लोंबली. ट्राम कलली. कलली म्हणजे किती, तर बोटभर. दुसऱ्या कुणाला जाणवलंही नाही. अँब्रोजला ते डोळ्यांनी दिसलं नाही की कानांनी ऐकू आलं नाही. तळपायातून आलं, गुडघ्यातून चढलं, पोटात जाऊन बसलं आणि तिथून ती आरोळी होऊन बाहेर पडली.

जिन्यावरून कंडक्टर वर आला. "काय रे, कोण मेलं?"

"मेलं कुणी नाही. हे आमचे ॲडमिरलसाहेब हुकूम सोडतायत," व्हिनेगरवाला मान पुसत म्हणाला.

"ॲडमिरलसाहेब, ही ट्राम आहे बरं का. बुडायची नाही. आणि बुडालीच तर तिकिटाचे पैसे परत!"

सगळे हसले, पुन्हा कठड्याला लागले. अँब्रोजही जरासा हसला. उजवीकडच्या सगळ्या बाकांवर आता तो एकटाच होता, दोन्ही हातांनी बाकाची पाठ धरून बसलेला. फक्त डॉर्कस हॅबगुड हसली नाही. ती डावीकडे, अगदी पुढच्या बाकावर बसली होती. डोक्यावर काळ्या चेरी लावलेली टोपी. तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, रागाने नाही, दमलेल्या माणसासारखं, आणि पुन्हा तोंड समुद्राकडे केलं. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर एक जाडजूड गृहस्थ येऊन बसला आणि तिला बोट दाखवून पाणबुडीची माहिती सांगू लागला, जणू काही ती त्यानेच बांधली होती.

आता ती जागा रिकामी का होती, हे सांगायला पाहिजे. डॉर्कसबाई विधवा. नवरा आरमारात स्वयंपाकी होता, लढाईच्या आधीच छातीच्या दुखण्याने गेला. एका गल्लीत तिचं घर, त्यात ती भाडेकरू ठेवायची. लढाई संपली तसा अँब्रोज आरमारातून सुटला, एका धुलाईच्या कारखान्यात बॉयलरवर लागला आणि तिच्याकडे मागची खोली घेऊन राहिला. त्याला तीन वर्षं झाली. बाकीचे भाडेकरू आले नि गेले, हा राहिला. तिच्या हातचं वाफेवरचं मांसाचं पुडिंग त्याला आवडायचं आणि त्याने भरलेली शेगडी रात्रभर विझायची नाही हे तिला आवडायचं. शनिवारी दोघं ट्रामने समुद्रावर जायची, शिंपल्या खायची, परत यायची. गल्लीतल्या बायकांनी मनातल्या मनात त्यांचं लग्नही लावून टाकलं होतं. पण अँब्रोज काही बोलायचा नाही. आणि आज दुपारी जेवताना डॉर्कस म्हणाली होती, "मिस्टर लस्कम, माझा भाऊ साऊदॅम्प्टनला बोलावतोय. त्याची खाणावळ आहे, सांभाळायला माणूस नाही. आज संध्याकाळी त्याला कळवायचंय. घर विकून टाकीन म्हणते." अँब्रोजने तोंडातला घास संपवला. तो म्हणाला, "बरं." तीन वर्षं ज्या बाईच्या पावलांचा आवाज ऐकून तो झोपायचा, तिला त्याने एवढंच सांगितलं, बरं. मग आणखी काहीतरी बोलावं म्हणून म्हणाला, "पुडिंग चांगलं झालंय." तिने ताटं उचलली. जरा जोरातच उचलली.

आणि आता ती पाणबुडी. त्याने मान वळवून पाहिलं नव्हतं, पण पाहायची गरजच नव्हती. जुन्या बोटी भंगारात निघाल्यात हे बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कठड्यावरची माणसं बोलत होती ते कानावर येतच होतं. "एवढीशी? ही लढाईत होती?" "डोक्याला पोचा आलाय बघ तिच्या." पोचा म्हटल्यावर त्याला कळलं. हार्विच बंदराच्या धक्क्याला मागे घेताना लाकडी खांबाला डोकं आपटलं होतं तिचं, आणि तो पोचा सरळ करायला कधी कुणाला वेळच झाला नाही. किटली. नाव तसं नव्हतं तिला. आरमाराने नुसतं एक अक्षर आणि आकडा दिला होता. पण आतून सतत वाफ, वास आणि ठिबकणं, म्हणून पोरांनी किटली म्हटलं आणि तेच राहिलं. अँब्रोज तिच्यावर चढला तेव्हा ती नवी कोरी होती, रंगाचा वास यायचा. किनाऱ्याजवळ राखण करायची, दूर समुद्रात जायचं नाही, एवढंच तिचं काम. पोटात सोळा माणसं. पेट्रोलचं इंजिन. त्या पेट्रोलच्या वाफेने माणसं आधी गाणी म्हणायची, मग भांडायची, मग पडायची. वाफ वेळेत कळावी म्हणून पिंजऱ्यात पांढरे उंदीर ठेवलेले. उंदीर पडला की वर चला. पण माणसं ती माणसंच. जो येईल तो आपल्या बशीतलं चीज उंदरांना घालणार, बिस्किट घालणार. उंदीर असे टम्म फुगले की दिवसभर उताणे पडून घोरायचे. मग वाफेने पडलेत की चीजने पडलेत, कळणार कसं? कप्तानसाहेब पोरसवदा होता, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. पिंजऱ्याशी वाकून तो म्हणायचा, "लस्कम, हा जिवंत आहे का?" आणि अँब्रोज म्हणायचा, "साहेब, आपल्यापेक्षा जास्त जिवंत आहे. पगारही चांगला खातोय."

अँब्रोजला ट्रामच्या बाकावर बसल्या बसल्या तो वास आला. पेट्रोल, ओला लोकरीचा सदरा, कोको, आणि कोपऱ्यातल्या बादलीचा. वाईट वास होता, पण आठवून त्याला बरं वाटलं. असं का ते त्यालाही सांगता आलं नसतं. लोक विचारायचे, लढाईत काय केलंत? काय केलं? एकही जहाज बुडवलं नाही. एकदा टॉर्पेडो सोडला, तो एका तरंगत्या पिंपाला लागता लागता राहिला. मग वरच्या लोकांच्या डोक्यातून एक शक्कल निघाली, की मासे पकडायच्या बोटीने किटलीला पाण्याखालून दोरीने ओढत न्यायचं. शत्रूची पाणबुडी त्या मच्छीबोटीवर चालून आली की टेलिफोनच्या तारेवरून खाली कळवायचं आणि किटलीने खालून हाणायचं. शक्कल चांगली होती. दुसऱ्या बोटींना म्हणे तिने फळही दिलं. किटली मात्र आठवडेच्या आठवडे नुसती ओढली गेली. आत सोळा माणसं गप्प बसलेली, टेलिफोनकडे बघत. एक दिवस तो वाजला.  कप्तानसाहेबाने उचलला. वरून मच्छीबोटीचा म्हातारा तांडेल म्हणाला, "पोरांनो, कॉड मासा लागलाय झकास. रात्रीला दोन ठेवू का बाजूला?" कप्तानसाहेबाने आपल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "तीन ठेवा." इतका वेळ पाण्याखाली आवाज न करता कसं हसायचं हे त्या दिवशी सोळा माणसं शिकली. पुढे बोट म्हातारी झाली, नव्या मोठ्या बोटी आल्या, मग नवशिक्या साहेबांना बुडी मारायला शिकवण्यापुरती ती उरली, आणि मग तेवढ्यापुरतीही नाही. एवढीच तिची कहाणी. कुणाला मारलं नाही, आपलं कुणी गमावलं नाही. अँब्रोजला यात काही कमी वाटायचं नाही.

पण तोल! तोलाचं बघा. बुडी मारली की किटली म्हणजे सोनाराचा काटा. एक माणूस जागचा उठून नाकाकडे गेला की नाक खाली, शेपूट वर. सगळा खेळ त्या काट्यावर. म्हणून प्रत्येकाची जागा ठरलेली, तिथून हलायचं नाही, खाजवायचं तरी बेताने. आणि हलायलाच लागलं तर आधी विचारायचं, "साहेब, पुढे जाऊ?" मग साहेब म्हणणार, "जा. आणि अमका मागे." म्हणजे एक माणूस जितका पुढे जाईल तितका त्याच्या वजनाचा दुसरा माणूस मागे यायचा. प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला होता, वजनावरून. अँब्रोजचा जोडीदार सायलस ट्रेलोअर, कॉर्नवॉलचा, लाल केसांचा, तोंडाने फाटका. दोघांचं वजन जवळजवळ सारखं. सायलस पुढे निघाला की अँब्रोज मागे निघायचा. मधोमध, शिडीच्या खाली, दोघं एकमेकांना घासून जायचे, तेवढीच जागा होती. आणि त्या घासण्यात सायलस दर वेळी कानात काहीतरी पुटपुटायचा. "काय रे जाड्या, काल पुडिंग दोनदा खाल्लंस ना? साहेबाला सांगू?" नाहीतर, "लस्कम, तुझा एक पाय काढून ठेव, बोट मागे बसतेय." वर्षानुवर्षं हेच. पाण्याखाली ते दोघं एकदाही शेजारी बसले नाहीत. बसणार कसे? एक इकडे तर दुसरा तिकडे, हीच तर दोस्ती. अंधारात, लांब दुसऱ्या टोकाला सायलस आहे, त्याच्या तिथे असण्याने आपण इथे नीट आहोत, बोट सरळ आहे, हे अँब्रोजला अंगात कळायचं. दुसरं कुणी त्याच्या इतकं जवळ कधी आलं नव्हतं. आई होती, पण ती लवकर गेली. सायलस आता गावी कोंबड्या पाळतो, मजेत आहे. पहिल्या पहिल्यांदा पोर्ट्समथच्या रस्त्यावरून चालताना अँब्रोजला वाटायचं की आपल्या वजनाचा दुसऱ्या टोकाला कुणीच नाही, आपण कुठल्याही क्षणी एका बाजूला घसरू. धुलाईच्या कारखान्यात, चर्चमध्ये, दारूच्या गुत्त्यात, सगळीकडे ते घसरणं. मग कधीतरी ते थांबलं. कधी बरं थांबलं?

ट्राम हळू झाली, पुढे कुणाची तरी घोडागाडी आडवी आली होती. कंडक्टर खाली शिव्या देत होता. अँब्रोज डॉर्कसच्या टोपीवरच्या चेरींकडे बघत होता. त्या चेरी हलत होत्या आणि तो जाडा गृहस्थ त्यांच्याशी बोलत होता. कधी थांबलं? त्या घरात आल्यावर. स्वयंपाकघरात. ती चुलीशी असली की हा खिडकीशी असायचा. ती खिडकीशी आली की हा उठून चुलीशी. ती टेबलाच्या या टोकाला बसली की हा त्या टोकाला. ती जिन्याने वर गेली की हा मागच्या अंगणात. आणि ट्राममध्ये ती डावीकडे, हा उजवीकडे, दर शनिवारी, न चुकता, मग शेजारची जागा रिकामी का असेना. त्याने हे ठरवून कधी केलं नव्हतं. आत्ता ट्राम कलली नसती तर त्याला हे कळलंही नसतं. आत्ता कळलं, आणि पाठोपाठ दुसरं कळलं. ते मात्र गार पाण्यासारखं अंगावर आलं. तिला हे कसं दिसत असेल? तीन वर्षं एक बाई ज्या खोलीच्या ज्या कोपऱ्यात जाते, त्या कोपऱ्यातून एक पुरुष उठून जातो. गेल्या नाताळात ती शेरीचा पेला घेऊन सोफ्यावर त्याच्या शेजारी येऊन बसली होती, निळा झगा घालून. आणि तो उठला होता. उठून शेगडीपाशी जाऊन उभा राहिला होता, अगदी बरोबर, मापात, आणि मनात म्हणत होता, किती छान चाललंय सगळं. ती जराशाने म्हणाली होती, "दिवा मालवते," आणि झोपायला गेली होती. त्या रात्री तो फार सुखाने झोपला होता. गाढवा, अँब्रोज स्वतःला म्हणाला. सायलसला हे सांगितलं असतं तर तो हसून हसून बोटीचा तोल घालवून बसला असता.

तो उठला. उठताना सवयीने तोंड उघडलं, कुणालातरी विचारायला, आणि मिटलं. विचारायचं कुणाला? मधल्या वाटेने पाच-सहा पावलं असतील. तेवढी तो बाकांच्या पाठी धरत चालला. आता सगळेच डावीकडे होते, उजवीकडे राहिलेलं शेवटचं वजनही निघालं होतं. ट्राम जराशी कुरकुरली. तो जाड्या गृहस्थापाशी जाऊन उभा राहिला.

"उठा. ही माझी जागा आहे."

"तुमची? अहो ॲडमिरलसाहेब, तुम्ही तर तिकडे बसला होतात."

"चुकून बसलो होतो. तीन वर्षं."

गृहस्थाने त्याच्याकडे पाहिलं, मग डॉर्कसकडे पाहिलं, आणि शहाणा असावा, उठला. अँब्रोज बसला. अगदी धाडकन बसला. इतक्या जवळून त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. कानाजवळ एक पांढरी बट होती, डाव्या गालावर लहानसा तीळ.

"काय हो, आज काय झालं?" ती समुद्राकडे बघतच म्हणाली. "उन्हाचं लागलं का तुम्हाला?"

"मिसेस हॅबगुड, ती बोट आहे ना, ती किटली. तिच्यात मी होतो."

"ते माहितेय मला. इतके दिवस ऐकतेय. उंदीर, चीज, कॉड."

"तोलाचं नाही सांगितलं कधी." आणि त्याने सांगितलं. वाईट सांगितलं. नाक, शेपूट, सायलस, शिडी, सगळं उलटसुलट. मधेच थांबला, घाम पुसला, पुन्हा सुरू झाला. "म्हणजे, तो तिकडे गेला की मी इकडे. जोडीदार असला की असंच असतं, कळलं का? म्हणजे तुम्ही चुलीशी गेलात की मी... म्हणून मी उठायचो. तुमच्यापासून लांब नाही जायचो. तुमच्यासाठी जायचो."

 खाली घोडागाडीवाला आणि कंडक्टर एकमेकांच्या आईबापाचा उद्धार करत होते.

"म्हणजे नाताळात," ती हळू आवाजात म्हणाली, "मी तो निळा झगा घालून बसले, तेव्हा तुम्ही शेगडीशी जाऊन उभे राहिलात ते माझा तोल सांभाळायला?"

"हो."

"मी रात्रभर रडले, मिस्टर लस्कम. मला वाटलं, अंगाला कांद्याचा वास येतो."

"येतो," अँब्रोज म्हणाला. मग घाईने, "चांगला येतो."

तिने तोंडावर हात घेतला. खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून तो घाबरला, पण ती हसत होती, अशी की टोपीवरच्या चेरी एकमेकींवर आपटत होत्या. मग एकदम थांबली आणि डोळे बारीक करून त्याच्याकडे वळली. "एक मिनिट. तोल सांभाळायचा म्हणजे वजन धरावं लागतं ना? माझं किती धरलं होतंत?"

पाण्याखाली अडकलेल्या माणसाला सुटकेचा एकच मार्ग असतो आणि तो बहुधा चुकीचा असतो. "माझ्याइतकंच," अँब्रोज म्हणाला.

"तुमच्याइतकं!" ती इतक्या जोरात म्हणाली की मागच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. "बॉयलरवर राबणाऱ्या माणसाइतकी मी! वा! बायकोला कुणी असं मागणी घालतं का?"

बायको हा शब्द दोघांनीही ऐकला. तो तिच्याच तोंडून निघाला होता. आता परत घेता येत नव्हता, म्हणून ती पुन्हा समुद्राकडे बघू लागली, गालापासून कानापर्यंत लाल झालेली. अँब्रोजही तिकडेच बघू लागला. आणि इथून, डाव्या बाजूने, ती दिसली. दोन ओढबोटींच्या मागे, गंजाने तांबडी झालेली, आकडा खरवडून काढलेला, डोक्याला पोचा. पोटात कुणीच नसल्यामुळे ती पाण्यावर उंच उठली होती आणि नाकाने जराशी वर बघत चालली होती. इतकी हलकी त्याने तिला कधीच पाहिली नव्हती. वाईट वाटायला हवं होतं. वाटेल म्हणून त्याने जरा वाटही पाहिली. पण त्याच्या डाव्या दंडाला एक ऊबदार खांदा टेकला होता, आणि ट्राम सगळ्या माणसांसकट एका बाजूला कललेली असूनही काहीसुद्धा होत नव्हतं.

"हीच ना?" डॉर्कसने विचारलं.

"हीच."

"दिसायला काही खास नाही."

"नाही. आत बसायला बरी होती."

ट्राम धक्का देऊन निघाली. पाणबुडी धक्क्याच्या इमारतीआड गेली. माणसं आपापल्या बाकांवर परतली, आणि उजवीकडे अँब्रोजच्या जुन्या जागेवर तो जाडा गृहस्थ जाऊन बसला.

"साऊदॅम्प्टनला जाऊ नका," अँब्रोज म्हणाला. एवढं वाक्य बोलायला त्याला तीन वर्षं लागली होती, आणि ते निघालं तेव्हा किती लहान होतं.

"भावाला काय सांगू?"

"सांगा, घर विकायचं नाही. घरात माणूस आहे."

 तिला खिशातून रुमाल काढायचा होता आणि तो निघत नव्हता. तिने दोनदा ओढून पाहिलं, मग वैतागून म्हणाली, "अहो, माझ्या कोटावर बसलात तुम्ही."

"उठू का?"

"उठून तर बघा," डॉर्कस म्हणाली.